पंचविसावी डबी

इथले अनुभव मी नियमित वाचतो आणि खरं सांगायचं तर बरेचदा वाचताना हसतो. उलटे पाय, लिफ्ट मागणारी बाई... राग नका मानू, पण मी वाढलोच तशा घरात. राजुऱ्याला आमच्या बैठकीत बाबांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. आसपास कुठे भानामतीची बोंब उठली की बाबा खाणीतल्या शिफ्टवरून आले तसेच सायकल काढून बघायला जायचे. परत येऊन दरवेळी एकच सांगायचे, "घरातलाच कोनीतरी गोटे मारून राह्यला." आणि चार दिवसांनी तेच निघायचं. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाजच वाटतेय. पण दोन वर्षं झाली, गोटे मारणारा अजून सापडला नाही, म्हणून लिहितो.

मी लॅब टेक्निशियन आहे. तेव्हा एका टीबी संशोधन प्रकल्पात होतो. पेशंट दवाखान्यात येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा तपासणीचं मशीनच गावात नेलं तर आजार लवकर सापडतो का, हे आम्हाला बघायचं होतं. मशीन सुटकेसएवढं, बॅटरीवर चालणारं. तासाभरात निकाल.

गाव धानोरा तालुक्यातलं, धानोऱ्यापासून जीपने जंगलातून पाऊण तास आत. नाव देत नाही, कारण टीबीचं नाव निघालं की अजूनही लग्नाची बोलणी मोडतात. आमचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन वर्ग, पुढे लांब व्हरांडा, एका टोकाला खिचडीची खोली, समोर हापसी. महिना जानेवारीचा. धान निघालेलं होतं आणि अर्धं गाव तेलंगणात मिरची तोडायला जायच्या तयारीत होतं.

गावच्या आशाताई, सिंधूताई, यांनी घरोघर फिरून दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेली बारा माणसं गोळा केली होती. नियम असा की प्रत्येकाचे दोन नमुने घ्यायचे. एक लगेच, शनिवारी दुपारी, आणि दुसरा रविवारी सकाळी उपाशीपोटी. बारा माणसं, चोवीस डब्या. डब्यांचं सीलबंद पाकीट येतं पंचवीसचं, म्हणजे एक डबी उरणार. हा हिशेब कंटाळवाणा आहे, पण लक्षात ठेवा.

मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून कार्डावरचा मजकूर वाचून दाखवला. "थुंकीचा नमुना द्यायचा आहे. डबीत थुंकी टाका, झाकण घट्ट लावा." लोकांनी माना डोलावल्या आणि शाळेच्या मागे जाऊन थुंकी आणून दिली. बहुतेक डब्यांत पाण्यासारखी पातळ लाळ, वर फेस. आम्हाला हवं असतं ते छातीतून वर आलेलं, घट्ट. लाळेत जंतू सापडणं कठीण. पण हे तर सगळीकडेच होतं, असं म्हणून मी रजिस्टरमध्ये 'लाळ' लिहीत गेलो. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या बारांमध्ये रेश्मा होती. वय पंचवीसच्या आत-बाहेर, कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा, दिवाळीपासून खोकला. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता इतकी वाळलेली. कुठल्याशा डॉक्टरने खोकल्याची बाटली दिली होती, ती संपली तरी खोकला तसाच. तिला आणि नवऱ्याला रविवारी अकराच्या पिकअपने मिरचीला जायचं होतं, दोन महिन्यांसाठी. लेकराला घेऊन. तिकडे शेतातल्या ताडपत्रीच्या झोपडीत दहा-दहा जणं एकत्र झोपतात, हे मला माहीत होतं.

म्हणून रविवारी सकाळी मी तिचा नमुना सगळ्यांच्या आधी लावला. शनिवारचा निगेटिव्ह आला होता, हाही निगेटिव्ह.

"एक्स-रे तरी काढून घे," मी म्हटलं. "गडचिरोलीला जावं लागेल."

"आता कुठी जाऊ भाऊ? गाडी येऊन राह्यली." तिचा चेहरा मात्र एकदम सैल झाला होता. "काई नाई ना पन मले? मंग झालं." आणि ती पोराला काखोटीला मारून बांधाबांध करायला निघून गेली.

साडेदहाच्या सुमारास शेवटच्या फेरीसाठी मी नमुन्यांची पेटी उघडली. तपासून झालेली डबीसुद्धा आम्ही परत पेटीतच ठेवतो. सवयीने मोजल्या. पंचवीस. परत मोजल्या. पंचवीस! पाकिटात उरलेली एक कोरी डबी तर टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर होती. म्हणजे पंचविसाच्या पाकिटातून सव्वीस निघाल्या? सकाळी नऊला रजिस्टर भरताना मी चोवीस मोजलेल्या, त्यावर माझी सही आहे. आणि पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

जास्तीच्या डबीला बारकोडचं स्टिकर नव्हतं. झाकणावर मार्करने लिहिलं होतं — 'रेश्मा. खकार.' अक्षर माझं. म्हणजे हुबेहूब माझं... मी 'श' काढताना त्याची गाठ अर्धवट सोडतो, शाळेपासून त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत. तशीच सुटलेली गाठ. आत खरोखरच खकार, छातीतून खाकरून काढलेला कफ, घट्ट, पिवळसर, जसा पाहिजे तसा. अख्ख्या गावात तसा एकही मिळाला नव्हता.

मी ओरडलोच, "सिंधूताई! ही डबी तुम्ही ठेवली का?"

"नाई बा. मी काऊन ठेवू? किल्ली तं तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. मग झाकण वाचून म्हणाल्या, "तुमीच लिवलं ना हे."

नियम सरळ आहे. स्टिकर नसलेला नमुना तपासायचा नाही, नष्ट करायचा. मी डबी कचऱ्याच्या लाल पिशवीवर धरलीसुद्धा. पण माझा स्वभाव थोडा चिकित्सक आहे, बाबांवर गेलोय. कुणीतरी आपली मस्करी करतंय आणि आपण ती पिशवीत टाकून गप्प बसायचं, हे काही पटेना. म्हटलं, लावून तर बघू. लावली.

अकराला पिकअपचा हॉर्न वाजला. मशीनवर अजून फिरतं चक्र दिसत होतं. थांबवू का तिला? पण सांगू काय? दोनदा 'नाही' सांगून झालेलं. गाडी गेली... धूळसुद्धा खाली बसली. बारा वाजायला दहा मिनिटं असताना निकाल आला. पॉझिटिव्ह.

डोळ्यांसमोर ती ताडपत्रीची झोपडी आली आणि आईच्या अंगावर पिणारं ते लेकरू. सिंधूताईंनी रेश्माच्या नवऱ्याला, दीपकला, फोन लावला, पण रेंज नव्हती. मग मशीन उचललं, सिंधूताईंना जीपमध्ये बसवलं आणि निघालो. त्या पाऊण तासात मी ड्रायव्हरला किती वेळा "चल ना बाप्पा" म्हटलं, तोच जाणे.

नशीब बघा. दुसऱ्या गावचं एक कुटुंब यायचं होतं म्हणून पिकअप धानोऱ्यात चौकाच्या अलीकडे थांबलेला. मागच्या बाजूला गाठोडी, भांडी, माणसं, आणि एका कोपऱ्यात पोराला पदराखाली घेऊन रेश्मा. मी सांगितलं तसा दीपक भडकला.

"सकाळी नाई म्हणता, दुपारी हाय म्हणता! मशीन हाय का मटका हाय तुमचा?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "एकच नमुना अजून दे रेश्मा. पण थुंकी नको..." आणि झाकणावरचा तो शब्द माझ्या तोंडून निघाला. "खकार दे. खकार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खकार पायजे होता काय? मंग तसं सांगाचं ना भाऊ! तुमी थुंकी मांगली, म्या थुंकी देल्ली. चार मानसात खकारनं बरं दिसते काय, म्हून म्या आवाजबी नाई केला."

मी कपाळावर हात मारला. अहो, मी राजुऱ्याचा! लहानपणी सर्दी झाली की आई पाठीवर थाप मारून म्हणायची, "गिळू नको रे, खकार काहाड." हा शब्द माझ्या घरचा. पण प्रकल्पाचा टी-शर्ट अंगात घातला आणि कार्डावरची थुंकी मागत गावोगाव फिरलो.

"पण मग तिसरी डबी कधी दिलीस?" मी विचारलं.

"कोनती तिसरी? म्या दोनच देल्ल्या."

तेवढ्यात ते राहिलेलं कुटुंब आलं, गाठोडी चढली, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला. नव्या नमुन्याचा निकाल यायला तास लागणार होता आणि गाडी तास थांबणार नव्हती. ठरवायचं तर आत्ताच. दीपक म्हणाला, "चाल व, वापस आल्यावर पाहू." रेश्मानं पोराला सिंधूताईंच्या हातात दिलं, आपलं गाठोडं खाली टाकलं आणि स्वतः उतरली.

"माह्या मायलेबी असंच नाई नाई म्हणत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "तीन डाव डबी देल्ली होती तिनं. मंग खोकता खोकताच गेली."

दीपकनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि शिव्या देत देत तोही उतरला. तो उतरला, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

सरकारी दवाखान्याच्या आवारात एका झाडाखाली, सगळ्यांपासून लांब जाऊन तिनं खकार दिला. या वेळी स्टिकर, सही, साक्षीला सिंधूताई. तासाभराने पॉझिटिव्ह. आणखी तासाभराने दुसरा निकाल — नेहमीचं मुख्य औषध तिला लागू पडणार होतं, जंतू औषधाला दाद न देणारा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. गोळ्या दुसऱ्या दिवशी सुरू झाल्या. पोराची तपासणी झाली, त्याला आजार नव्हता. तो होऊ नये म्हणून त्यालाही औषध सुरू केलं.

आता कुणी म्हणेल, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. तेच मलाही वाटलं, आणि तिथूनच माझी झोप उडाली. कारण ती डबी रेश्माची नसेल तर दुसऱ्या कुणाची तरी आहे. म्हणजे त्या गावात अजून एक टीबीचा माणूस मोकळा फिरतोय, आणि मी त्याला 'काही नाही' सांगून आलोय! आमच्या डॉक्टर मॅडमना सगळं कबूल केलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, "तूच लिहिलं असशील रे, दमलेला होतास. पण माणूस शोधायला हवा."

आठवड्याभरात परत गेलो. उरलेल्या अकरा जणांना परत बसवलं. या वेळी सिंधूताईंनीच समजावलं, "थुंकू नका. पोटातून खोकला काहाडा, खकार आनून द्या, लाजू नका." सगळे नमुने घट्ट, पिवळे, सुंदर — लॅबवाल्यालाच असले सुंदर वाटतात. सगळे निगेटिव्ह. मग ज्यांना खोकला नव्हता त्यांचे एक्स-रे काढले, लहान मशीन आणून, घरन् घर; मिरचीला गेलेल्यांचे ते परतल्यावर. कुणीही नाही. शेवटचा एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा मी हापसीवर जाऊन डोक्यावर पाणी घेतलं आणि पोटभर हसलो. ती डबी कुणाचीच नव्हती.

डबी नियमाप्रमाणे नष्ट झाली. झाकणाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अक्षर तं तुहंच हाय." गोटे मारणारा घरातलाच, असं त्यांना म्हणायचं असावं. पण फोन परत देण्याआधी त्यांनी तो फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला, हे माझ्यासाठी नवीनच होतं.

जुलैच्या शेवटी रेश्माचा कोर्स संपला. शाळेच्या त्याच व्हरांड्यात ती आली, अंग भरलेलं, ब्लाउज मापाचा, पोरगं हापसीचा दांडा धरून उभं. शेवटचा नमुना निगेटिव्ह होता, आणि या वेळी मी निगेटिव्ह म्हणताना मला स्वतःला खात्री होती. तेव्हा कुठे मी तिला पंचविसाव्या डबीची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं, घाबरेल. ती घाबरली नाही. पदराने पोराचं नाक पुसत राहिली.

"मायले खकार येत होता भाऊ," ती म्हणाली. "दनादन येत होता. पन कोनी मांगलाच नाई तिले."

प्रकल्पाच्या अहवालात ती डबी धरलेली नाही, धरताही येणार नाही. कार्डावरचा शब्द मात्र आम्ही बदलून घेतला. आता कुठल्याही गावात गेलो की मी कार्ड खिशात ठेवतो आणि मोठ्याने खकार मागतो.