गस्तीवरची ढोलकी

सुकराम मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्यांचीच वाट बघत बसले होते. साप्ताहिक सुट्टी संपवून ते त्या फाट्यावर उतरायचे आणि माझ्या गाडीवर मागे बसून जंगलात यायचे. फोनवर त्यांचा मुलगा होता. "मॅडम, बाबा नाई येत आता," एवढंच बोलला. मला वाटलं ताप वगैरे असेल. मी विचारलंसुद्धा, "किती दिवस?" ...या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. सकाळी अंगणात बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं सगळं. त्याला आता सव्वा महिना होईल.

मामा आमच्या बीटातले, म्हणजे आमच्या वाट्याच्या जंगलातले वनमजूर आणि मी वनरक्षक. म्हणजे कागदावर मी त्यांची साहेब. जंगलात सगळं उलटं होतं. मी गोंदिया शहरात वाढलेली, झाडाचं नाव विचारलं तर "वो हरा वाला" म्हणणारी. चार वर्षांपूर्वी रुजू झाले तेव्हा गस्तीवर मला ना पायाचे ठसे दिसायचे, ना साप. एकच गोष्ट दिसायची, की हा माणूस चालताना बोटं हलवतो. उजव्या हाताची मांडीवर, डाव्या हाताची पोटाशी. मला वाटलं कंप आहे बिचाऱ्याला. चार दिवसांनी धीर करून विचारलं, "मामा, हाताला काय झालं?"

"काई नाई. ढोलकी वाजवून राहिलो."

त्यांच्या गावच्या दंडारीत ते ढोलकी वाजवत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आणि मंडईत भर दुपारी दंडारीचा खेळ होतो, गाणी आणि सोंगं. वर्षातला तो एक दिवस. बाकी सगळं वर्ष ढोलकी घरी खुंटीला आणि मामा इथे जंगलातल्या संरक्षण कुटीवर; सुट्टीचा एक दिवस घरच्या कामात जाई. मी म्हटलं, आणा की इथे, कोण रागावणार आहे? तर मलाच रागावले. "अथं आपन आयकाले येतो बाई, वाजवाले नाई." मग सगळा रियाज मनात. आणि तो काही वेळ घालवायचा खेळ नव्हता. मनातल्या मनात बोट चुकलं की मामा जागच्या जागी थांबत, मान हलवत आणि तुकडा जिथून सुरू केला होता त्या झाडापर्यंत चक्क मागे जात. तिथून पुन्हा सुरू. एकदा तर मला मोहाच्या झाडाखाली उभं करून पन्नास पावलं मागे गेले. मी वैतागले. म्हटलं, मामा, मनातली चूक कोणाला ऐकू येणार आहे? म्हणाले, "मले येते ना."

पहिल्या वर्षी त्यांनी मला मंडईला नेलं. घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पोटभर खाऊ घातलं. मग खेळ सुरू झाला. मामा डोक्याला फेटा बांधून बसलेले, एकदम वेगळेच दिसत होते. पहिलंच गाणं उठलं आणि... रेंगाळलं. नाचणारी पोरं पाय उचलून हवेत थांबायला लागली. म्हातारा गायक गाता गाता वळून ओरडला, "सुकराम, झोपून राहिला का बे?" लोक हसले. मामांनी घाम पुसला, ओठ आवळले आणि दोन गाण्यांत लय सावरली. पण त्यांचा चेहरा पडला होता. गावात ढोलकी शिकलेले आणखी दोघेतिघे होते, त्यामुळे ही जागा कायमची आपली, असं काही नव्हतं.

परत आल्यावर दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी गस्तीवर अचानक थांबले आणि हसत सुटले. "बाई, तुमची चाल लागली मले." मला काही समजेना. मग त्यांनीच सांगितलं. ते रियाज पावलांवर करत. इतकी वर्षं एकटे नाहीतर दुसऱ्या मजुरासोबत चालायचे, झपझप. त्या पावसाळ्यात मात्र रोज माझ्या मागे. मी नवीन बूट घालून, चिखल बघत, काटे चुकवत, सापाला भीत चालणार. पाच महिने माझ्या चालीवर वाजवून वाजवून ढोलकीच माझ्यासारखी झाली होती. "कायले आणली तुमाले अथं सरकारनं," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात मग शिक्षा मला. "चाला, चाला जल्दी, आता चढती लय हाये." मी धापा टाकत पळायची आणि मामा मागून हाकलायचे. माझं वजन सहा किलो उतरलं. घरचे म्हणाले, जंगल मानवलं पोरीला. त्यांना काय ठाऊक, मी दंडारीच्या कामाला जुंपलेली होते! त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी मामांनी असं वाजवलं की म्हाताऱ्या गायकाचाच दम निघाला.

आता गेल्या दिवाळीचं सांगायला हवं. त्यावाचून हे लिहिणं खोटं होईल. मंडईच्याच दिवशी साहेबांची पाहणी ठरली. दुसरा मजूर तापाने घरी होता. मी वर विचारून बघू शकले असते, एका दिवसाचा तर प्रश्न होता. पण माझा अहवाल जायचा होता आणि मला वाईट दिसायचं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, यंदा राहू द्या." ते म्हणाले, "बरं."

साहेब आलेच नाहीत. मंडईच्या दिवशी अकराच्या सुमाराला मामा कुटीच्या ओट्यावर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि दोन्ही हात सुरू झाले. चालता चालता नाही, बसून. पूर्ण दंडार, पहिल्या गाण्यापासून. मी आत कागद पुढे घेऊन बसले होते आणि खिडकीतून त्यांचे हात बघत होते. मधेच गालात हसले, तेव्हा सोंग आलं असणार. एकदा मानेने कोणालातरी इशारा दिला. चार वाजता हात थांबले, तेव्हा अंगातला सदरा भिजलेला होता.

ती त्यांची शेवटची मंडई.

तेरवीला गेले. काकूंनी जवळ बसवलं. मला राहवलं नाही, सांगून टाकलं, की गेल्या दिवाळीला सुट्टी मी दिली नव्हती. त्या खाली बघत म्हणाल्या, "घरी सांगतलन, पाय दुखत होता म्हनून नाई आलो." मग म्हणाल्या, "मले मालूम होतं. पायासाठी मंडई सोडनारा मानूस नोहता तो."

मी रडले. रडत रडत त्या दिवसाचं सगळं सांगितलं, ओटा, मिटलेले डोळे, चार वाजेपर्यंत चाललेले हात, भिजलेला सदरा. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. पाहुण्यांची ताटं उचलायला उठल्या आणि उठता उठता विचारलं,

"मंग जेवला का तवा? मंडईच्या दिवशी वाजवल्याबिगर खात नोहता. सकारपासून उपाशी राहे."

मी दिवसभर त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यानंतर ते जेवले की नाही... मला आठवेना. अजूनही आठवत नाही.