हातातल्या चपला

वहिनींची मुलगी आता दिवसभर शाळेत असणार, म्हणून तिला सांभाळणाऱ्या मावशींचं काम सुटलं. वहिनींनी दोन महिन्यांचा जादा पगार आणि वर बक्षिशी पाकिटात घालून दिली.

"मावशी, कमी नाही ना?"

"भरपूर आहे. तेवढा तिचा निरोप घेते."

"घ्या की! आत चित्र रंगवतेय. तुमचंच नाक काढलंय, भलंमोठं!"

मावशी हसल्या. मुलगी अगदी लहान असताना त्या निघाल्या की ती रडून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून तिची पाठ वळली की त्या चपला हातात घेऊन सटकायच्या. आजही खोलीच्या दारातून तिची पाठ दिसली आणि सवयीने पाय बाहेर वळले.

जिना उतरल्यावर भान आलं. त्यांनी वर कान दिला. कुणी रडत नव्हतं. त्यांनी चपला घातल्या.