रशियाला जाणारा शेवट

शनिवार, १५ फेब्रुवारी १९१३. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सिसेल कोफोदचे तीन जोड लावून झाले होते.

आमागेर बेटावरच्या त्या फिल्म कंपनीत जोडणीच्या खोलीतली पहिली खिडकी तिची. खिडकीशी टेबल. टेबलावर ओलं फडकं, पातं आणि डिंकाची बाटली. डोक्यावरच्या तारेला चिमट्यांनी अडकवलेले फिल्मचे तुकडे लोंबत होते, रात्रीचे निळे, दिव्याच्या उजेडाचे पिवळे, पहाटेचे गुलाबी. तुकड्याच्या कडेचा चित्राचा थर पात्यानं खरवडायचा, डिंकाचा एकच हात फिरवायचा, दुसरा तुकडा वर ठेवायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. डिंकाला पिकलेल्या नाशपातीचा वास येई. खोलीत शेगडी नव्हती. या फिल्मवर ठिणगी पडायचाच अवकाश, की ती पेटे. सहाही बायका अंगात दोन-दोन स्वेटर घालून बसत.

प्रत कुठल्या गावाला जाणार त्याची चिठ्ठी डब्यावर असे. लंडनला जाणार असेल तर दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या इंग्रजी, बर्लिनला असेल तर जर्मन. आणि चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीची फुली असेल, तर शेवटचा तुकडा वेगळ्या डब्यातून काढायचा. तो रशियाचा शेवट. इकडे ज्या मुलीचं लग्न लागे, तीच मुलगी तिकडे मरे. रशियातले व्यापारी गोड शेवटाची प्रत परत पाठवत, म्हणून कंपनी दोन्ही शेवट एकाच आठवड्यात काढून ठेवी.

"रशियन बायका बायोस्कोपला रुमाल घेऊनच जातात म्हणे," पलीकडच्या टेबलावरची पेट्रेआ म्हणायची. "रुमाल कोरडा घरी आणला तर नवरा विचारतो, गेली होतीस कुठं नक्की?"

हातात होती ती गोष्ट दीपगृहवाल्याच्या मुलीची. इकडच्या शेवटात ती वादळातून वाचते आणि चर्चच्या दारातून नवऱ्याच्या हाताला धरून बाहेर येते. रशियाच्या शेवटात चार कोळी तिला फळीवर घालून उथळ पाण्यातून किनाऱ्यावर आणतात. त्या चौघांतला पुढचा, डाव्या बाजूचा, सेवेरीन कोफोद. सिसेलचा नवरा.

सेवेरीन कंपनीत सुतार होता. पडद्यावर दिसणाऱ्या भिंती, दारं, जिने त्याच्या हातचे. नोव्हेंबरात ड्रॅगोरच्या किनाऱ्यावर चार दांडगे पुरुष हवे होते. तीन कोळी मिळाले, चौथा म्हणून त्याला उभं केलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा खुशीत होता. वाटाण्याचं सूप ओरपता ओरपता आईला म्हणाला, "आई, मी पण आहे हं त्यात. अगदी शेवटी येतो." त्याला दोन शेवट असतात हे ठाऊक होतं. आपला कुठला, ते त्यानं विचारलं नव्हतं. ९ डिसेंबरला न्यूमोनियानं तो गेला. वय एकेचाळीस.

त्याचा फोटो एकच होता, सैन्यात भरती झाला तेव्हाचा, तीस जणांच्या रांगेतला. फोटो निघताना त्यानं मान हलवली होती. चेहऱ्याच्या जागी करडा डाग.

आता तो चित्रपट रविवारी आमागेरच्याच थिएटरात लागणार होता, घरापासून चार गल्ल्यांवर. सासूबाई बोलेत यांनी, वय चौऱ्याहत्तर, दोन तिकिटं आधीच आणून ठेवली होती. जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून झालं होतं. "माझा पोरगा दिसणार आहे. चालता-फिरता." गेले दहा दिवस सिसेल रोज रात्री ठरवी की उद्या सांगायचं. सांगणार काय? की तुमचा मुलगा आहे खरा, पण त्याला बघायला मॉस्कोला जावं लागेल?

साडेआठला खोलीवर देखरेख करणारे मास्तर एयनर राउन चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. आमागेरची प्रत तिच्याच वाट्याला आली.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार की."

"या प्रतीला रशियाचा शेवट लावला तर? एकच दिवस. सोमवारी मी स्वतः बदलून देते."

मास्तर आधी हसले. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि हसू आवरलं. सेवेरीनच्या शवपेटीला त्यांनीही खांदा दिला होता.

"नाही, सिसेल. पोलिसांच्या मंजुरीच्या कागदावर लग्न लिहिलंय. मढं नाही."

"मिनिटभराचा तर तुकडा आहे."

"रशियाचा माल रशियाला. उद्या ही पेट्रेआ म्हणेल, माझा भाऊ मागच्या गर्दीत आहे, जरा जास्त दाखवा."

"माझा भाऊ तुरुंगात आहे," पेट्रेआ मान वर न करता म्हणाली. "त्याला मुळीच दाखवू नका."

खोली हसली. मास्तर निघून गेले.

रशियाच्या शेवटाचा एक तुकडा नेहमी जादा छापलेला असे; एखादा फाटला तर हाताशी असावा म्हणून. अकरा वाजता सिसेल उठली, वेगळ्या डब्यातून तो तुकडा काढला आणि भिंगाखाली धरला. चित्रात सेवेरीन पाण्यात उभा. पुढच्या चित्रातही उभा. त्याच्या पुढच्याही. तिनं कड खरवडली, डिंक लावला, दहा मोजले. लग्नाचा तुकडा तारेवर परत अडकवला. जोडणारी प्रत्येक बाई प्रतीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर सुईनं आपला क्रमांक कोरत असे, चूक कोणाची ते कळावं म्हणून. सिसेलचा क्रमांक तीन. तिनं तीन कोरला, नेहमीपेक्षा जरा ठळकच. बाराच्या गाडीनं डबा गेला.

तिच्या टेबलाकडे पाठ करून बसलेली पेट्रेआ म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. पण नीट जोडलंयस ना? ऐन वेळी तुटायचं नाहीतर."

"माझा जोड कधी तुटलाय?"

रविवारी तीनच्या खेळाला दोघी सातव्या रांगेत बसल्या. बोलेतबाईंनी चर्चचा काळा झगा घातला होता. सव्वा तास त्या पडद्यावरच्या एकूण एक माणसाला तपासत होत्या.

"हा का?"

"नाही आई. शेवटी."

"मग हा मेला टोपीवाला इतका वेळ काय करतोय?"

शेवटाची पाटी आली. पियानोवाल्यापुढे कंपनीनं पाठवलेला कागद होता. त्यावर लग्नाची धून लिहिलेली. त्यानं ती जोरात सुरू केली आणि मग वर पाहिलं. पडद्यावर चार माणसं फळीवर मुलगी घेऊन पाण्यातून येत होती. त्याची बोटं आणखी दोन-तीन सूर वाजवून थांबली. पुढे काय वाजवावं हे कागदावर नव्हतं. थिएटरात मागच्या यंत्राची खटखट तेवढी उरली.

सेवेरीन चालत आला.

सिसेलनं हे गृहीत धरलंच नव्हतं. तिनं तो तुकडा सहा वेळा भिंगाखाली पाहिला होता, पण टेबलावर चित्रं उभीच असतात. सात वर्षांत तिनं मैलोनमैल फिल्म जोडली होती आणि तिच्या लेखी फिल्म ही स्थिर चित्रांची माळ होती. इथे तो चालत होता. डावा खांदा उतरता, उजवं पाऊल किंचित बाहेर. वाळूवर आल्यावर त्यानं फळी हळू टेकवली, टोपी काढली आणि कोणीही न सांगता बाहीनं नाक पुसलं. मग पडदा पांढरा झाला.

"तोच," बोलेतबाई म्हणाल्या. "खांदा बघितलास? शाळेत दप्तर त्याच खांद्याला." मग त्या म्हणाल्या, "पाणी मांडीपर्यंत होतं गं त्याला."

"हो."

"कुठल्या महिन्यात काढलं हे?"

"नोव्हेंबर, आई."

"एकदाच आला पाण्यातून?"

"चार वेळा. चौथ्यांदा मनासारखं झालं त्यांच्या."

म्हातारीनं हातमोजे चढवले, दोन्ही हातांचे, एकेक बोट ओढून. मागे कोणी ओरडत होतं की जाहिरातीत लग्न आहे, लग्न दाखवा. एक बाई रडत होती आणि तिचा नवरा तिला समजावत होता की अगं, खोटं असतं ते. बाहेर फुटपाथवर बर्फाचा चिखल झाला होता. अर्ध्या वाटेवर बोलेतबाई म्हणाल्या, "मला तो सर्दी म्हणाला होता. साधी सर्दी."

"मलाही तेच म्हणाला होता."

"तुला माहीत होतं, सूनबाई."

"पाण्याचं माहीत होतं."

दोघी घरी पोचल्या. जिन्यात शेजारीण वाट बघत उभी होती. "काय बोलेत, दिसला का?"

"दिसला. चांगला चालत होता," म्हातारी म्हणाली आणि वर गेली. दार लावताना सिसेलला म्हणाली, "आता परत नाही बघायचं मला."

सोमवारी थिएटरच्या मालकाचा टेलिफोन आला. दहा वाजता डबा परत आला. मास्तर राउन यांनी कोरी पट्टी खिडकीशी धरली, आकडा पाहिला आणि पट्टी तिच्या टेबलावर ठेवली.

"तीन."

"हो."

मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, "दोन डबे शेजारी होते. घाईत चिठ्ठी उलटसुलट झाली. होतं असं. चूक म्हण, अर्ध्या दिवसाचा पगार कापतो, विषय संपला."

बाकीच्या पाच बायकांची पाती थांबली होती.

"माझ्या हातून चूक झालेली नाही, मास्तर."

"सिसेल, मी वरती काय सांगू?"

"मी जे लावलं ते पाहून लावलं. चूक म्हटलं तर सात वर्षांचं काम चुकीचं ठरेल."

"बाई, एवढा ताठा परवडतो का?"

"नाही परवडत."

मास्तर वर गेले. तासाभरानं खाली आले. नोकरी राहिली, टेबल गेलं. तिला अंगणापलीकडच्या धुण्याच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे जुन्या, फाटलेल्या आणि नको असलेल्या फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून चित्र धुऊन काढत. स्वच्छ निघालेल्या पट्ट्या विरघळवून वार्निश करायला वार्निशवाल्याकडे जात. पेट्रेआला पहिली खिडकी मिळाली. तिनं सिसेलचं पातं पुसून फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. तुझ्याशिवाय हे कोणाच्या हातात बसत नाही."

दुपारी आमागेरच्या प्रतीला पेट्रेआनं लग्नाचा शेवट जोडला. जादा तुकड्याला दोन्हीकडे खरवडल्याच्या खुणा होत्या; तो आता रशियालाही पाठवता येण्यासारखा नव्हता. मास्तरांनी त्यावर आपल्या हातानं 'धुवायला, पहिली टोपली' अशी चिठ्ठी लावली आणि तो शेडच्या टोपलीत टाकला. संध्याकाळी निघताना सिसेल टोपलीपाशी थांबली, चिठ्ठी वाचली, आणि तुकडा होता तिथेच राहू दिला.

मंगळवार, १८ फेब्रुवारीच्या कामाची पाटी शेडच्या दाराला लावलेली आहे. हौद सकाळी सात वाजता तापेल. पहिल्या हौदावर एस. कोफोद. पहिली टोपली, बावीस किलो.