उलटा पाव फेरा

"दोन महिने झाले, स्क्रू होता तिथंच आहे! माझी चेष्टा करायला आलाय काय?"

डॉक्टरबाई ओरडल्या आणि भिंतीवरच्या चित्रातले बत्तीसच्या बत्तीस दात हलले. बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. त्यांनी आवाज चढवला की खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा आपोआप बंद पडतात. पण मीही लेथच्या खडखडाटात वाढलेला गडी. मी घरात शिंकलो तर तिकडं गडमुडशिंगीत म्हशी दावं तोडतात.

"बाई, दर रविवारी ह्या हातानं फिरवलाय!" मी गरजलो. "पाव फेरा, बाणाच्या दिशेनं! सुताचा फरक नुसत्या डोळ्यानं ओळखणारा माणूस हाय मी!"

खुर्चीत माझी अकरा वर्षांची लेक आ करून पडली होती. तिचा खालचा जबडा मागं राहिलेला, वरचा अरुंद. दात पुढं, ओठ मिटता मिटेनात. बाईंनी तिला गुलाबी ठोकळ्यांच्या दोन प्लेटा करून दिल्या होत्या. तोंड मिटलं की वरच्या-खालच्या ठोकळ्यांची उतरण जुळते आणि खालचा जबडा पुढं येतो. वरच्या प्लेटच्या मधोमध एक बारीक स्क्रू. आठवड्याला पाव फेरा दिला की प्लेट रुंदावते आणि वरचा जबडाही. "वाढ चालू आहे तोवरच हे जमतं," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "वय गेलं की मग ऑपरेशन." मधल्या महिन्याची तपासणी मात्र मीच चुकवली. कारखान्यात काम तुंबलं होतं.

स्क्रू म्हटल्यावर मी काय ऐकतो! बाईंनी दिलेली किल्ली म्हणजे वाकवलेली तार. मी सायकलच्या स्पोकची, पितळी मुठीची नवी किल्ली घडवली. राधानगरीच्या धरणाचे दरवाजे उघडावेत अशी. बाईंची किल्ली लेकीला खेळायला देऊन टाकली, वर शिकवणीही दिली, "हिकडं फिरवलं की उघडतंय, तिकडं फिरवलं की मिटतंय. पाव म्हंजे पावच. हात हलला न्हाय पायजे."

रविवारी जेवणं उरकली की आमच्या दारात सोहळा. लेक प्लेट धुऊन माझ्या तळहातावर ठेवायची. शेजारचे गादीवाले चाचा अंगावरची रुई झटकत येऊन बसायचे. मी किल्ली घालून फेरा द्यायचो आणि फेऱ्याबरोबर एक गोष्ट. साखर कारखान्याचा वाकलेला शाफ्ट मी एका हातानं कसा सरळ केला, वगैरे. चाचा म्हणायचे, "मागच्या रविवारी दोन हात होते की!" लेक हसायची, प्लेट तोंडात बसवायची आणि म्हणायची, "मस्त बसली, पप्पा." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर गल्लीत छाती काढून फिरायचो. पोरीचा जबडा मी स्वतः घडवतोय म्हणून सांगायचो.

आता बाईंनी हात पुढं केला. "किल्ली बघू." मी खिशातून माझी पितळी काढली. बाईंनी ती बघितली, माझ्याकडं बघितलं.

"मी दिलेली कुठं आहे?"

मी लेकीकडं वळलो. ती बुटांकडं बघत होती. मग खुर्चीतून उतरली, दप्तर उघडलं, कंपास काढला. कर्कटक आणि कोनमापकाच्या मधे ती तार. जपून, कागदात गुंडाळलेली.

"दर सोमवारी," ती म्हणाली. "शाळेला जायच्या आधी. उलटा. पावच. दुखायचं म्हणून."

खोटं सांगत नाही, मी कारखान्यात लोखंड अंगावर घेतलंय, पण असा मार कधी बसला नव्हता. बाहेरच्या कुणी केलं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती. इथं शिकवणी माझी, हत्यार मीच दिलेलं, मापही माझंच. आठ रविवार ती माझ्या समोर बसून हसली होती. "मस्त बसली, पप्पा." आठ वेळा. आणि सुताचा फरक ओळखणारा मी? आठ रविवार मी प्लेटकडं नव्हे, चाचांच्या तोंडाकडं बघत होतो.

बाईंचा आवाज उतरला. ओरडत होत्या तेव्हा बरं होतं. "हे दोन महिने गेले," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून. अजून थोडा वेळ आहे हातात. थोडाच."

जिना उतरून खाली स्कूटरपाशी आलो तेव्हा राहवलं नाही.

"आगं, दुखत हुतं तर बापाला सांगायचं! पाठीमागनं कशाला? मला एका शब्दानं सांगायचं न्हाईस व्हय?"

तिनं दप्तर खांद्यावर नीट घेतलं.

"सांगितलं की. तीनदा. तिन्ही वेळेला तुम्ही चंदगडच्या लोहारानं तुमची दाढ सांडशीनं उपटली, ती गोष्ट सांगितली."