खालून आलेला वाचक

अन्सेल्मो रागासा डोंगरातल्या आमच्या लामागेन गावाला पहिल्यांदा आला तो कोबी न्यायला. खालचा माणूस, समुद्राकाठचा. अंगात दोन स्वेटर, तरी दात वाजत होते. त्याची मालमोटार चिखलात रुतली, दुपार उलटली तरी निघेना, म्हणून आमच्या धाकटीनं, डोर्कसनं, त्याला उकडलेली रताळी आणि कॉफी नेऊन दिली. तिथंच सगळं बिघडलं. म्हणजे माझ्या मते बिघडलं, तिच्या मते जमलं.

मी केझिया, थोरली. मनांग म्हणतो आम्ही थोरल्या बहिणीला, आणि आता तर सगळं गावच मला मनांग म्हणतं. आई-बाबा गेल्यावर घरात शेवटचा शब्द माझा. सेंट सायमनच्या चॅपलमध्ये वेदीवरची कापडं धुवायची, पेला घासायचा, हेही चाळीस वर्षं माझ्याकडेच. माझ्या रागाबद्दल लोक बोलतात. बोलेनात का. राग नसता तर या धुक्यात ती कापडं कधीच पांढरी राहिली नसती.

लग्नात मी तोंड वाकडं करून बसले होते. डोर्कस हसत त्याच्या गाडीत चढली आणि वळणावर दिसेनाशी झाली. सहा वर्षं खाली राहिली, वर्षातून एकदा सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन यायची. सातव्या वर्षी, मोठ्या वादळाच्या महिन्यात, तापानं गेली. आम्हाला कळलं तेव्हा तिला माती देऊन महिना झाला होता. तिकडेच, वाळूत, नदी समुद्राला मिळते तिथं. आमची सगळी माणसं चॅपलमागच्या टेकडीवर आहेत, पाइनच्या झाडांखाली, एकाशेजारी एक. सर्व संतांच्या सणाला दिवस कलता कलता आम्ही प्रत्येक थडग्यापाशी पाइनच्या ढलप्या पेटवतो. टेकडीभर धूर होतो, डोळे चुरचुरतात, आणि जो तो आपापल्या माणसांशी हळू आवाजात बोलत बसतो. माझ्या बहिणीसाठी ढलपी पेटवायला मला जागाच नव्हती.

मग एक दिवस हा दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टोपी.

"माझी बहीण कुठंय?" मी विचारलं.

"खाली," तो म्हणाला. "मनांग, रस्ता..."

मी दार लावून घेतलं. उरलेलं वाक्य बाहेरच राहिलं, आणि पुढं चार वर्षं बाहेरच राहिलं.

मला वाटलं, जाईल परत. नाही गेला. चॅपलला लागून लाकाय बेन्सनची झोपडी आहे, तिथं राहिला. लाकाय म्हणजे म्हातारबाबा. हा बेन्सन आमचा वाचक. फादर राहतात तालुक्याच्या गावी. अकरा चॅपलं त्यांच्या गळ्यात, आमच्याकडे येणार महिन्यातून एकदा. बाकीच्या रविवारी प्रार्थना चालवायची, फादरांनी आशीर्वाद देऊन ठेवलेली प्रभूची भाकर, म्हणजे त्या पातळ चकत्या, वाटायची, आजाऱ्यांकडे जायचं, हे काम वाचकाचं. वाचक म्हणजे काही पाद्री नव्हे, शेतात राबणारा आपल्यातलाच माणूस. अन्सेल्मो त्याच्याकडे लाकडं फोडायचा, पाणी भरायचा. आपल्या मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी कडी त्यानं चॅपलच्या दाराशी टांगली आणि घंटा म्हणून वाजवायला लागला. आवाज चांगला होता, पण मी कुणाला तसं बोलले नाही.

एका रविवारी धुकं असं उतरलं, की चॅपलच्या आतही पहिल्या बाकावरून वेदी दिसेना. बेन्सननं पुस्तक उघडलं, बराच वेळ बघत राहिला, मिटलं. "आज पुस्तकातही शिरलंय," तो म्हणाला. पण ते धुकं नव्हतं, त्याचे डोळे गेले होते, सगळ्यांना माहीत होतं. "अन्सेल्मो, इकडे ये. तू वाच."

त्यानं वाचलं. घाटात झोप येऊ नये म्हणून शेजारच्याशी बोलत राहणाऱ्या ड्रायव्हरचा असतो तसला आवाज, खालच्या पट्टीतला. धुक्यात माणूस दिसतच नव्हता, नुसता आवाज यायचा. मेलेल्यांची नावं आली. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर अगदी शेवटी म्हणाला, "डोर्कस." घरात चहाला हाक मारावी तसं.

पुढं वाचक कोण, हे ठरवायला मंडळी बसली. फादर म्हणाले, हात वर करा, मोजून टाकू. बेन्सन म्हणाला, "फादर, हात वर करायला आम्ही काय शाळेत बसलोय?" आमच्यात मोजत नाहीत. बोलत बसायचं, कुणीच 'नाही' म्हणेनासं होईपर्यंत. आणि एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी विषय बंद. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी कपातल्या कॉफीकडे बघत बसले. त्या शेवटच्या नावानं माझ्या तोंडाला कुलूप लावलं होतं. अशा रीतीनं खालचा माणूस आमचा वाचक झाला.

पण भाकर मी त्याच्या हातून घेणार नव्हते. घ्यायची नसेल त्यानं आमच्याकडे वेदीपुढच्या कठड्याशी येऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे असतात. फादर असले की मी ओंजळ पुढं करायची. अन्सेल्मो असला की हात छातीवर. तो माझ्यापुढं येऊन क्षणभर थांबायचा, मान लववायचा आणि पुढं जायचा. दर रविवारी. एकदाही त्यानं मला टाळलं नाही, हा त्याचा आगाऊपणा मला फार झोंबायचा.

काम मात्र त्यानं केलं. उगाच कशाला खोटं बोलू? कडा ओलांडून तीन तास चालत म्हाताऱ्या बायांना भाकर नेऊन द्यायचा. वरच्या आणि खालच्या वाफ्यांचं पाण्यावरून भांडण लागलं तेव्हा दोघांच्या मध्ये दगडावर जाऊन बसला, आणि ते कंटाळेपर्यंत उठला नाही. कुणाचं माणूस शेवटच्या घटका मोजत असलं की हा उशाशी असायचा. पण राहायचा पाहुण्यासारखा. आमच्यात डुक्कर कापलं की मांसाचा वाटा प्रत्येक घराच्या नावानं निघतो. त्याला घरच नव्हतं, तर वाटा कुठून निघणार? बेन्सन आपल्यातला अर्धा द्यायचा. हे माझ्या एका शब्दानं बदललं असतं, कारण तो जावई होता तो माझ्या घरचा. तो शब्द मी काढला नाही.

चौथ्या वर्षी डोर्कस माझ्या स्वप्नात यायला लागली. आमच्याच पायरीवर उभी, घागऱ्याचा काठ हातात उचलून धरलेला, पाय घोट्यापर्यंत ओले. आत ये म्हटलं तर येईना. बोलेना. पहाटे उठून मी पायरीला हात लावून बघितला, कोरडी होती. आठवड्यानं परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मनांग, थंडी वाजते."

आमच्यात असं स्वप्न सांगून सोडून देत नाहीत. मेलेलं माणूस जागेवर सुखात नसलं की येऊन सांगतं, मग थडगं उघडून बघायचं. पण तिचं थडगं नवऱ्याच्या ताब्यात, आणि नवऱ्याशी मी बोलत नव्हते. बसा आता. तीन दिवस मी घरात भांडी आपटली. मग रविवार आला. कठड्याशी गेले, सवयीनं हात छातीवर. तो पुढं येऊन थांबला, मान लववली, आणि मी हळूच म्हटलं, "डोर्कसचे पाय ओले आहेत."

त्याच्या हातातल्या डब्यात चकत्या वाजल्या.

प्रार्थना संपल्यावर तो बाहेर घंटेच्या कडीखाली उभा राहिला. "मलाही दिसते, मनांग. पावसाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणापाशी बोलू? माझ्या स्वप्नांचा अर्थ लावायला माझं इथं कोण आहे?"

मला माझीच लाज वाटली.

गावाला विचारलं. कुणीतरी म्हणालं, चर्चला चालेल का हे, हाडं उकरायचं? बेन्सन म्हणाला, "वर आणली तर देवाला तेवढीच जवळ पडतील." फादरांनी निरोप धाडला, आणा, वाचकानंच विधी करावा. तेव्हा आम्ही तिघं बसनं खाली गेलो, मी, अन्सेल्मो आणि खणायला माझा पुतण्या मोरिस. आईनं विणलेलं काळं-पांढरं पांघरूण बरोबर घेतलं.

खाली आकाश फार मोठं आहे. वाळू तापलेली, नारळीची पानं वाजत होती, आणि मला सारखं वाटत होतं की मी अजून पायरीवरच उभी आहे आणि हेही स्वप्नातलंच चाललंय. अन्सेल्मोची बहीण लुर्देस छत्री घेऊन आली. मोरिसनं खणलं. डोक्याकडे कोरडी वाळू होती. पायाकडे पाणी.

अन्सेल्मो खाली उतरला, एकेक हाड शर्टानं पुसून माझ्या हातात देत राहिला. लुर्देस त्याला म्हणाली, "दादा, ही शेजारची जागा तू स्वतःसाठी धरलीस. आता ही चालली. मग तू इथं एकटा पडणार?"

"बघू," तो म्हणाला.

"वर देतील का ते लोक तुला जागा?"

त्यानं पुढचं हाड पुसायला घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित चिडले असते. आमच्या टेकडीवर जागा घराण्याची असते. खालच्या जावयाला आजवर कुणी दिलेली नाही, आणि द्यायची तर घरातल्या थोरल्यानं, मागितल्याशिवाय. हे त्यालाही ठाऊक होतं, वाचक होता तो, टेकडीवरच्या प्रत्येक मातीला हजर असायचा.

परतीच्या बसमध्ये गाठोडं त्याच्या मांडीवर होतं. घाट लागला, खिडक्यांवर ढग चढले. मी विचारलं, "त्या दिवशी दारात काय सांगत होतास?"

त्यानं गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "रस्ता एकोणीस दिवस बंद होता, मनांग. चार ठिकाणी डोंगर खाली आला होता. मी तिला गाडीत घालून पहिल्या दरडीपर्यंत आणली. दोन दिवस तिथं थांबलो. खालच्या उकाड्यात तिसरा दिवस थांबता येईना."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढं एक वाक्य ऐकायला मला चार वर्षं लागली. माझ्यासारखी मूर्ख बाई या डोंगरात दुसरी नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर सगळं गाव जमलं. पाइनमधून धुकं वाहत होतं; माणसं अर्धी दिसायची, अर्धी नाही, आणि त्यातून आई-बाबाही उठून आले असते तर मला नवल वाटलं नसतं. मोरिस आणि पोरांनी त्यांच्या शेजारी खड्डा खणला होता. गाठोड्यापुरता, नीटनेटका. अन्सेल्मो पांढरा झगा घालून पुस्तक उघडून उभा होता, खड्ड्यापासून चार पावलं लांब, वाचक उभा राहतो तिथं.

"रुंद करा," मी म्हटलं.

मोरिसनं आतून वर बघितलं. "मनांग, गाठोडं तर एवढंसं आहे."

"मी गाठोड्याचं बोलत नाहीये. तिच्या डाव्या बाजूला आणखी एका माणसाची जागा आखा. उंच माणसाची. कडेनं दगड लावून ठेवा, म्हणजे पुढं कुणी वाद घालायला नको."

मी थांबले. 'नाही' म्हणायचं असेल त्यानं म्हणावं म्हणून थांबले. पाइनमधून पाणी ठिबकत होतं. मग मोरिसनं कुदळ उचलली.

अन्सेल्मोनं वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि आवाज गेला. वाचक झाल्यापासून, लहान लेकरांना माती देतानासुद्धा, कधी अडखळला नव्हता. पुस्तक छातीशी धरून उभा राहिला आणि रडायला लागला, तोंड न लपवता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. मीही रडत होते, त्यात काय लपवायचं.

बेन्सनला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"वाच रे बाबा पुढं," तो म्हणाला. "आत्ता तिची पाळी आहे. तुझी यायला वेळ आहे अजून."