मावशींची घंटा

आमच्या नेरूळच्या शाळेत घंटा मावशी वाजवतात. मावशी इथल्याच सारसोळे गावच्या. एका घड्याळावर भरवसा नाही म्हणून मनगटावर दोन बांधतात. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी त्यांची घंटा मिनिटभर आधी होत नाही. मी नागरिकशास्त्र शिकवतो. मतदानावर बोलायला लागलो की मला माझाच आवाज फार आवडतो. मावशी दाराशी स्टुलावर बसून ऐकतात आणि शेवटी म्हणतात, "बेस बोलता, सर."

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दहावीत असाच रंगात आलो होतो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचं शाईचं बोट दाखवा ना!"

माझा डावा हात आपोआप खिशात गेला. इथे राहून बारा वर्षं झाली, तरी माझं नाव अजून साताऱ्याच्या यादीत आहे. हे मी एकदा चहा पिताना फक्त मावशींना सांगितलं होतं. मतदानाच्या सुट्टीत मी पडदे धुतले होते.

तेवढ्यात घंटा झाली. मधल्या सुट्टीला अजून पाच मिनिटं होती.

वर्ग रिकामा झाल्यावर मावशींनी माझ्यापुढे पत्ता बदलायचा फॉर्म ठेवला. "भरा. पुढच्या येळेला मी वाजवनार नाय."

"घरी जाऊन भरतो, मावशी."

"बारा वर्सं घरीच जाता ना?"

मी बाकावर बसलो. त्या घंटेची हातोडी घेऊन समोर उभ्या राहिल्या. सही होईपर्यंत हलल्या नाहीत.

त्या दिवशी मुलांची मधली सुट्टी चांगलीच लांबली.