माना वर केलेली हरणं

आप्पा गेल्याचं मला येडशीच्या स्टेशनवर कळलं. गाडीची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात परंड्याचा एक ओळखीचा कापडदुकानदार समोर आला आणि म्हणाला, "आप्पांचं कळलंच आसंल तुमाला." मला काहीच कळलेलं नव्हतं. तरी माझ्या तोंडून, का कोण जाणे, "व्हय" निघून गेलं. त्यामुळं तो बिचारा पुढं काही बोललाच नाही. नुसती मान हलवून "चांगला मानूस व्हता" म्हणाला. त्या 'व्हता'वरून मला सगळा उलगडा झाला, पण तोवर गाडी आली आणि तो पुढच्या डब्यात चढला. आप्पा कशानं गेले, कधी गेले, हे विचारायची सोय मीच माझ्या हातानं घालवली होती. परंड्याला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं कपाळाला विभूती लावून, बसवून माती दिली, असं त्यांच्या बायकोनं, गंगाकाकूंनी सांगितलं. माणसाला शेवटी बसवतात हे ऐकून मला उगीच बरं वाटलं. मला आप्पा आठवतात ते बसलेलेच आठवतात... किल्ल्यातल्या पडक्या भिंतीला टेकून, अंगावर घोंगडी घेऊन, हरणांची वाट बघत.

आता यालाही काही आठवडे झाले. त्यांच्यावर चार शब्द लिहावेत म्हणून बसतो आणि उठतो. लिहिणार काय? ज्यांना मी सोळा-सतरा वर्षं ओळखत होतो ते आप्पा, आणि परवा काकूंनी सहज बोलता बोलता ज्यांच्याबद्दल सांगितलं ते आप्पा, या दोघांचा मेळ मला अजून बसवता येत नाही.

शिवलिंग आप्पांचा फोटोचा स्टुडिओ परंड्याच्या स्टँडजवळ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एक पडदा, त्यावर रंगवलेला तलाव आणि समोर एक डुगडुगती खुर्ची. मी तिथल्या खरेदी-विक्री संघात कारकून म्हणून नवा लागलो होतो. ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला पहिल्या दिवसापासून 'सायेब' म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. त्या काळात आमच्याकडं सोसायट्यांचं पीक आलं होतं. शेतात काही उगवो न उगवो, आठवड्याला कुठं ना कुठं भूमिपूजन ठरलेलं. हार घातलेली मंडळी आप्पांच्या कॅमेऱ्यासमोर अशी गर्दी करायची की कुदळ मारणारा दिसायचा नाही. प्रत्येकाला आपला वेगळा फोटो पाहिजे. आप्पा कुणालाही नाही म्हणत नसत. सगळ्यांवर फ्लॅश मारायचे, पण त्यातले निम्मे 'कोरे'. कोरा म्हणजे उजेड पडतो, खटका वाजतो, माणूस खूश होतो आणि आत फिल्म सरकतच नाही. धंद्यातल्या सगळ्यांना ही युक्ती ठाऊक होती. पुढं कुणी संचालक फोटो मागायला आलेच, तर आप्पा अगदी दुःखी चेहरा करून सांगायचे, "तुमचं नेमकं डोळं मिटलं वो, म्हनून धुतला न्हाय." संचालक स्वतःच्याच डोळ्यांवर चिडून परत जायचे. मी पोट धरून हसायचो. या माणसाच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण हाच माणूस हरणांच्या बाबतीत वेगळा होता. बहात्तरच्या दुष्काळात पाऊस दडी मारून बसला आणि दसऱ्यालाच माळ करपून गेला. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली. पाणी म्हणून राहिलं होतं ते किल्ल्याच्या खंदकात, तेही एका कोपऱ्यात, हिरवंगार. खंदकाची एक बाजू ढासळून तिथं उतार झाला होता आणि त्या उतारावरून पहाटे हरणं पाण्याला उतरायची. एरवी माणसाच्या वाऱ्यालाही न थांबणारी ती जात, तहानेनं किल्ल्याच्या भिंतीशी आली होती. आप्पांना त्या पडक्या कमानी आणि त्यांच्याखाली पाणी पिणारी हरणं एका फोटोत पाहिजे होती. अडचण खटक्याची. त्यांचा कॅमेरा जुना, वरून मान खाली घालून बघायचा, आणि खटका असा वाजायचा की हरणं उधळून जायची. मग आप्पांनी तिथंही कोरा काढला. रोज पहाटे जाऊन बसायचे आणि रोल न घालताच खटके वाजवत राहायचे. पहिल्यांदा हरणं पळाली, मग नुसती दचकू लागली, आणि दिवाळी जवळ आली तोवर त्या आवाजाला त्यांनी पाखराच्या आवाजाइतकीही किंमत दिली नाही. लोकांना फसवायची युक्ती या माणसानं जनावराला धीर द्यायला वापरली... त्यांचा लबाडपणा कुठं संपतो आणि चांगुलपणा कुठं सुरू होतो, हे मला तेव्हाही कळलं नाही.

वत्सला, माझी बायको, त्या वर्षी नुकतीच परंड्याला आली होती. तिला फोटोचं भारी वावडं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिच्या आजीनं तिच्या डोक्यात भरवलेलं. बाबासाहेबांच्या फोटोला रोज हार घालणारी ही बाई, पण स्वतःचा फोटो म्हटला की पदर तोंडावर. आमचं लग्न बुद्धविहारात झालं तेव्हाचा एक घोळक्याचा फोटो आहे. त्यात पांढऱ्या साडीतली वत्सला खाली मान घालून, डोळे गच्च मिटून उभी आहे. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग वैनींनाबी हरणासारखं सवयीचं करावं लागंल." दुष्काळात काही आलं नसलं तरी किल्ल्यातल्या पडझडीत उगवलेल्या सीताफळांना बारकी बारकी फळं होती. ती काढायच्या निमित्तानं मी तिला एका पहाटे बरोबर नेलं. आप्पांनी तिच्यावर कोरे खटके वाजवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात रोल नाही हे त्यांनी तिला उघडून दाखवलं, तेव्हा कुठं तिनं पदर सोडला. मग ती आम्हाला विसरली, फांद्या वाकवू लागली. मधेच आप्पांनी रोल भरला आणि आधी हरणांचे फोटो घेऊ लागले. तेवढं मी पाहिलं. दूर उतारावर हरणं पाणी पीत होती. वत्सलानं एक पिकलेलं सीताफळ ओढलं, ते तिच्याच कपाळावर फुटलं आणि ती हसली. दबून, पदराआड नाही... अशी मोकळी की मला क्षणभर ओळखू आली नाही. मी तिच्याकडंच बघत होतो. पाठीमागं खटका वाजला. मी वळून पाहिलं तर आप्पा कॅमेऱ्यात मान घालून बसलेले. "आला का?" मी विचारलं. "आला," आप्पा म्हणाले.

तो फोटो मला कधी मिळाला नाही. पहिल्यांदा मागितला तेव्हा आप्पा म्हणाले, धुवायचा आहे. नंतर म्हणाले, उजेड शिरून रोल खराब झाला. एकदा तर म्हणाले, त्या दिवशी तो कोराच होता. मी म्हणालो, आप्पा, मी तुम्हाला रोल भरताना पाहिलंय. त्यावर ते लेन्स पुसत बसले. मी फार ताणलं नाही. वत्सला समोर होती, रोज दिसत होती, तेव्हा फोटोची एवढी काय घाई? त्याच रोलमधला हरणांचा एक फोटो मात्र आप्पांनी मोठा करून स्टुडिओत लावला. मागं तुटकी कमान, खाली पाणी, आणि सगळ्या हरणांनी माना वर करून एकाच बाजूला बघितलेलं. लोक तेवढ्यासाठी स्टुडिओत यायचे. मीही कितीदा त्याच्याखाली बसून चहा प्यालो असेन.

मग वत्सला गेली. कावीळ झाली आणि बघता बघता गेली. आमची मुलगी सुजाता तेव्हा तीन वर्षांची होती. पुण्यानुमोदनाला फोटो पाहिजे म्हणून मी आप्पांकडं धावलो. म्हणालो, आता तरी तो काढा. ते खाली बघत म्हणाले, "न्हाय वो तो. आसता तर दिला नसता का?" त्या घोळक्याच्या फोटोतून त्यांनी वत्सलाचा चेहरा कापून मोठा केला आणि मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवले. त्या काळी असं करायचे. मी समोर बसून होतो. रंगवताना आप्पांचे डोळे भरून येत होते, ते बाहीनं पुसत होते. डोळे अगदी रेखीव झाले, पण ती वत्सला राहिली नाही, भलतीच कुणीतरी बाई झाली. तोच फोटो नऊ वर्षं माझ्या भिंतीवर आहे. सुजाता वाढली तशी विचारू लागली, आई हसायची कशी? मी सांगायला जायचो आणि माझ्याच डोळ्यांपुढं ते रंगवलेले डोळे यायचे. मला या गोष्टीचा आप्पांवर राग होता, हे आता लिहून टाकतो. मैत्री तुटली नाही, पण राग होता.

परवा काकूंना भेटायला गेलो. आप्पांचा स्वतःचा धड एक फोटो सापडत नव्हता. शेवटी एका मेळाव्याच्या फोटोतून काढून मोठा केला होता. तो लावायला जागा हवी म्हणून काकू हरणांचा फोटो उतरवत होत्या. मी हात दिला. काच पुसता पुसता काकू अगदी सहज म्हणाल्या, "भाऊ, ह्यो तुमीच न्या. वत्सला हसली म्हनून ह्या हरनांनी माना वर केल्या व्हत्या, आसं म्हनायचे. हरनाचं बघावं का तिचं बघावं, तवर बोट दाबलं गेलं, म्हनायचे. रोलातला शेवटचाच राह्यला व्हता."

काकूंना वाटलं, मला हे ठाऊकच आहे. कधी म्हणाले, कुणाला म्हणाले, मी विचारत राहिलो. काकूंनाही नीट सांगता येईना. "त्येंचं काय, कधी एक सांगायचे, कधी दुसरं," म्हणाल्या. हेही खरंच. ज्या माणसानं आयुष्यभर डोळे मिटल्याच्या थापा मारल्या, त्याची ही तरी गोष्ट खरी कशावरून? पण मग वाटतं, खटक्याला तर ती हरणं केव्हाच सरावली होती. खटक्यानं त्यांनी मान वर केली नसती. मग कशानं केली? छावणीतला एखादा बैल हंबरला असेल, गावातलं कुत्रं भुंकलं असेल... असेलही. खात्री करावी म्हणून मी किल्ल्यात जाऊन आलो. ती कमान अर्धी आणखी ढासळली आहे. आप्पा बसायचे ती जागा सापडली, सीताफळाचं झाड मात्र कुठलं ते ओळखता येईना, सगळीकडं तीच झाडं. वत्सला आप्पांच्या डाव्या हाताला होती असं मला वाटतं, आणि फोटोतली हरणंही डावीकडंच बघतात. पण मला असं वाटतं ते आठवतं म्हणून, की तसं असावं म्हणून, हे मला आता सांगता येत नाही. समजा खरं असलं, तर आप्पांवर रागवावं का? समोर वत्सला हसत असताना त्यांनी हरणं घेतली. आणि सांगायची लाज वाटून थापा मारत राहिले, माझ्यासमोर बसून तिचे डोळे रंगवत राहिले. तिच्या हसण्याचा एवढा एक पुरावा जगात राहिला, तोही त्यांच्यामुळंच. मला रागही येतो आणि हात जोडावेसेही वाटतात. दोन्ही एकदम करता येत नाही.

फोटो घरी आणला. वत्सलाचा फोटो उतरवला, पेटीत नीट ठेवला आणि त्या खिळ्याच्या उजवीकडं दुसरा खिळा मारून हरणं लावली. ती जिकडं बघतात तिकडची भिंत मोकळीच ठेवली आहे, जुना खिळा तसाच आहे. सुजाता शाळेतून आली, दप्तर न ठेवताच उभी राहिली. मी तिला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगितलं आणि जे ठाऊक नाही तेही सांगितलं. ती एकेका हरणाकडं बघत होती. मग तिनं त्या मोकळ्या भिंतीकडं बघितलं.

"बाबा, लई मोठ्यानं हसली व्हती का आई?"

बाकी सगळ्याचा माझ्या डोक्यात गोंधळ आहे, पण ते हसणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "लई मोठ्यानं."